नवसागरावर तरंगणारा

नागपुरात माकूळ, म्हणजे स्क्विड, मिळतो तो बहुधा दगडासारखा गोठलेला. भोईपुऱ्यात रोहू, कतला, मरळ आणि झिंग्यांचं राज्य. समुद्राची मासोळी बर्फात पडून येते आणि तिच्यातही माकुळाला विचारणारं गिऱ्हाईक थोडंच. मॉलच्या फ्रीजरमध्ये मात्र ‘स्क्विड’ लिहिलेलं पाकीट सापडतं. पाकिटावर गोल चकत्यांचं चित्र असेल तर ते परत ठेवायचं. आपल्याला हवा आहे तो अख्खा, साफ न केलेला, डोक्यासकट आणि डोळ्यांसकट. अर्ध्या किलोत पाच-सहा येतील असा, धड एक वीत लांबीचा.

खोल समुद्रातल्या महाकाय स्क्विडवर वाचायला बसलं की जहाज बुडवणारा राक्षस पानभर भेटतो आणि प्राणी दोन ओळींत उरकलेला असतो. प्राणी समजून घ्यायचा असेल तर समुद्रापासून इतक्या दूर बसूनही एक सोय आहे: हा अर्धा किलो माकूळ, एक छोटी कात्री, एक चिमटा, स्टीलची परात. हा त्या राक्षसाचा लांबचा भाऊबंद. शरीराची मांडणी तीच. जिथे ती जुळत नाही, तिथेच खरी गंमत आहे.

पहिली चूक होते ती बर्फ उतरवताना. मे महिन्यात पाकीट ओट्यावर टाकून दिलं तर तासाभरात हातांची टोकं लिबलिबीत होऊन वास मारायला लागतात आणि पोटात अजून बर्फाचा गोळा असतो. नळाच्या गोड्या पाण्यात बुडवलं तर कातडी पाणी पिऊन फुगते आणि तिच्यावरचे तांबूस ठिपके, म्हणजे रंग बदलणाऱ्या पेशी, फुटून जातात. फ्रीजच्या खालच्या कप्प्यात रात्रभर ठेवावं. घाई असेल तर लिटरभर गार पाण्यात ३० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात.

हीच अडचण मोठ्या प्रमाणावर लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आली होती. २००४ साली फॉकलंड बेटांजवळ ८.६२ मीटर लांबीचा महाकाय स्क्विड जाळ्यात सापडला आणि गोठवून लंडनला गेला. त्याचं जाड धड वितळायला वेळ लागणार आणि तोवर बारीक सोंडा कुजणार, हे उघड होतं. म्हणून धडावर पाणी सोडत राहिले आणि सोंडांवर उलट बर्फाच्या पिशव्या ठेवल्या. चार दिवस लागले. न्यूझीलंडच्या ते पापा संग्रहालयात २००८ साली दुसऱ्या एका जातीचं, कोलोसल स्क्विडचं, ४९५ किलोचं धूड उतरवायचं होतं, तेव्हा कारखान्यातला मोठा मायक्रोवेव्ह वापरावा का, इथपर्यंत विचार झाला. शेवटी थंड मिठाच्या पाण्याचा हौदच कामी आला. एवढ्या मोठ्या शास्त्राची पहिली पायरी फ्रीजच्या खालच्या कप्प्यासारखीच आहे, हे बरं वाटतं.

आता माकूळ परातीत ठेवा आणि कापण्याआधी मोजा. आठ हात आखूड, दोन सोंडा लांब. सोंडेचं टोक चिमट्यात धरून हळूच ओढा. ती ताणते. आणखी ओढली तर आणखी ताणते, सोडली तर पूर्ण परत जात नाही. महाकाय स्क्विडच्या लांबीबद्दलच्या निम्म्या दंतकथा या एका ओढीत आहेत. १८८७ साली न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टनजवळ लायल बेच्या वाळूवर सापडलेल्या स्क्विडची एकूण लांबी ५५ फुटांच्या वर नोंदली गेली. त्याच नोंदीत धडाची लांबी ७१ इंच, म्हणजे सहा फुटांच्या आत. बाकी सगळी सोंड. किनाऱ्यावर लोळलेली, सैल पडलेली, बहुधा ओढून सरळ केलेली सोंड. म्हणून जाणकार एकूण लांबी विचारतच नाहीत. ते धडाची, म्हणजे मँटलची लांबी विचारतात. महाकाय स्क्विडचं मँटल सव्वादोन मीटरच्या पुढे सहसा जात नाही. सोंडा धरून मादी १२-१३ मीटर, नर १० मीटरच्या आसपास. वजन पावणेतीनशे किलोपर्यंत. एसटीच्या गाडीपेक्षा थोडा लांब प्राणी आहे. याला आणखी फुगवायची गरज लोकांना का वाटते, कळत नाही.

उघडायची पद्धत सोपी. माकूळ उताणा ठेवा. ज्या बाजूला मानेशी आखूड नळी दिसते ती पोटाची बाजू. नळीपाशी मँटलच्या काठाखाली कात्रीचं एक टोक घालायचं, ते वर उचलून धरायचं आणि मधोमध शेपटीपर्यंत कापत न्यायचं. टोक खाली झुकलं की शाईची पिशवी फुटते. चांदीसारखी चकाकणारी, काळ्या पोटाची ही पिशवी यकृताला चिकटून असते. फुटलीच तर गार पाण्याने धुवा. पांढऱ्या संगमरवरी ओट्यावर हे काम मुळात करूच नये.

मँटल पुस्तकासारखं उघडलं की दोन्ही बाजूंना पिसासारखे कल्ले दिसतात. प्रत्येक कल्ल्याच्या मुळाशी एक छोटं हृदय, फक्त त्या कल्ल्यात रक्त ढकलण्यापुरतं. मधे तिसरं, बाकी अंगासाठी. रक्तात लोहाऐवजी तांबं असल्यामुळे प्राणवायू मिळाला की ते निळसर होतं. पण गोठून वितळलेल्या माकुळात निळं रक्त दिसेल अशी आशा ठेवू नका. मँटलच्या आतल्या भिंतीवर, कल्ल्यांच्या वरच्या अंगाला, फिक्कट चांदणीसारखा एक ठिपका शोधा. ती मज्जापेशींची गाठ. तिच्यातून निघणारा जाड मज्जातंतू अर्ध्या मिलिमीटरपर्यंत, कधी त्याहूनही जाड असतो, आणि त्याच्यावरच हॉजकिन आणि हक्सले यांनी काम करून १९६३ चं नोबेल मिळवलं. त्याला ‘स्क्विडचा महाकाय मज्जातंतू’ म्हणतात. पुष्कळांना वाटतं की तो महाकाय स्क्विडचा. महाकाय आहे तो तंतू, स्क्विड हाच, वीतभर लांबीच्या जातीतला.

पाठीच्या बाजूने काचेच्या पट्टीसारखं काही ओढून काढता येतं. पिसाच्या आकाराचं, पारदर्शक, वाकवलं तर वाकणारं. एवढाच याचा सांगाडा. इतवारीत काष्ठौषधींच्या दुकानात समुद्रफेन म्हणून जे पांढरं, हलकं, नखाने खरवडलं तर भुकटी होणारं मिळतं, आणि पोपटाच्या पिंजऱ्यात अडकवतात, ते याच्या चुलतभावाचं, कटलफिशचं. त्यात हवेच्या कप्प्यांची रचना असते आणि कटलफिश तिच्यावर तरंगतो. माकुळाकडे ती सोय नाही. पोहणं थांबवलं की तो बुडतो. म्हणून अंगभर कसलेले स्नायू, आणि म्हणून तळल्यावर चव.

महाकाय स्क्विडकडे हवेचे कप्पे नाहीत आणि माकुळासारखा कसलेला पोहणाराही तो नाही. मग पावणेतीनशे किलोचं अंग ९०० मीटर खोलवर, जिथे दाब पृष्ठभागाच्या नव्वद पट आहे, तरंगतं कशावर? नवसागरावर.

नवसागर म्हणजे कल्हईवाल्याच्या डब्यातली ती मळकट पांढरी वडी. तापलेल्या पातेल्यात त्याची चिमूट पडली की फस्सकन धूर उठतो, नाकात झिणझिण्या येतात आणि मग कथील तांब्यावर पसरतं. रसायनशास्त्रात हाच अमोनियम क्लोराइड. महाकाय स्क्विडच्या स्नायूंमध्ये असंख्य सूक्ष्म पोकळ्या असतात आणि त्या या क्षाराच्या पाण्याने भरलेल्या असतात. प्रथिनं पचवणाऱ्या प्रत्येक प्राण्याच्या अंगात अमोनिया तयार होतोच. आपण त्याचा युरिया करून लघवीवाटे टाकतो, मासे कल्ल्यांवाटे सोडून देतात. हा गडी तो साठवतो. समुद्राच्या पाण्यात मुख्यतः सोडियम. त्याचा अणुभार २३. अमोनियमचं वजन १८. कणांची संख्या तेवढीच ठेवून सोडियमच्या जागी अमोनियम भरला की पाणी तेवढंच ‘खारट’ राहतं, पेशी सुकत नाहीत की फुगत नाहीत, पण पाणी हलकं होतं. हवा दाबली की आकसते, हे पाणी आकसत नाही. खोलीचा प्रश्नच मिटला.

हे परातीतल्या माकुळात दाखवता येत नाही, पण दोन पेल्यांत येतं. पाव लिटर पाण्यात ९ ग्रॅम मीठ. दुसऱ्या पाव लिटरमध्ये ८ ग्रॅम नवसागर आणि खाण्याच्या लाल रंगाचे दोन-तीन थेंब. कणांचा हिशेब दोन्हीकडे जवळजवळ सारखा बसतो. आता एक स्ट्रॉ लाल पाण्यात बुडवा, वरचं तोंड अंगठ्याने बंद करा, मिठाच्या पेल्यात थेट तळापर्यंत न्या आणि अंगठा किंचित सैल करा. लाल धागा तळातून निघून सरळ वर चढतो आणि पृष्ठभागाखाली पसरून बसतो. उलटं करून बघा, रंगीत मीठपाणी नवसागराच्या पेल्यात सोडा, ते तळाशी जातं.

फसतं ते तीन कारणांनी. एक, नवसागर विरघळताना पाणी दोनेक अंशांनी गार करतो, म्हणून दोन्ही पेले अर्धा तास शेजारी ठेवून सारख्या तापमानाला आणावेत; एक फ्रीजमधल्या आणि दुसरा नागपुरी उन्हाळ्यात टाकीतून आलेल्या पाण्याचा असेल तर निकाल विसरा. दोन, बाजारातली वडी मळकी असते. कुटून, विरघळवून, धडप्यातून गाळून घ्या. तीन, अंगठा एकदम उचलला तर धागा होण्याऐवजी सगळं ढवळून निघतं. तांब्या-पितळेचं भांडं नको, आणि पेल्याजवळ चुना तर अजिबात नको. चुन्याशी गाठ पडली की नवसागरातून अमोनिया वायू सुटतो.

या एका युक्तीचे दोन परिणाम आहेत आणि दोन्ही आपल्याशी संबंधित. पहिला: महाकाय स्क्विड खाता येत नाही. सावजी रस्सा भल्याभल्यांना झाकतो, पण नवसागराला झाकणार नाही. दुसरा मोठा आहे. बाकीचे बरेच स्क्विड मेले की तळाला जातात, हा मेला की वर येतो आणि लाटांबरोबर किनाऱ्याला लागतो. शंभर-दीडशे वर्षं माणसाला याच्याबद्दल जे कळलं ते बहुतेक अशा वाहून आलेल्या मढ्यांवरून. १८५३ साली डेन्मार्कच्या किनाऱ्यावर एक लागला, कोळ्यांनी त्याचे आमिषासाठी तुकडे केले, चोच तेवढी वाचली. त्या चोचीवरून जॅपेटस स्टीनस्ट्रुप यांनी १८५७ साली ‘आर्किट्यूथिस’ हे नाव दिलं. १८७३ साली न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांच्या जाळ्यात एक अडकला. सेंट जॉन्सच्या मोझेस हार्वी नावाच्या पाद्रीबुवांनी तो १० डॉलरला विकत घेतला आणि आपल्या घरात न्हाणीच्या टबावरच्या दांडीवर त्याचे हात वाळत घातल्यासारखे टांगून फोटो काढवला. त्यांच्या घरच्यांचं काय झालं असेल, याची कुठेही नोंद दिसत नाही.

खोल समुद्रात जिवंत दिसायला मात्र २००४ साल उजाडलं. जपानच्या ओगासावारा बेटांजवळ त्सुनेमी कुबोदेरा आणि क्योइची मोरी यांनी ९०० मीटरवर गळ सोडला, त्याच्याजवळ दर ३० सेकंदाला एक फोटो काढणारा कॅमेरा बांधला. ३० सप्टेंबरला स्क्विडने आमिषावर झडप घातली आणि त्याची सोंड गळात अडकली. चार तास तो ओढत राहिला, कॅमेऱ्याने साडेपाचशेच्या वर फोटो काढले, शेवटी सोंड तुटली. वर आली ती साडेपाच मीटर सोंड, आणि तिचे चूषक बोटाला अजून चिकटत होते. त्या फोटोंनी एक जुना समज मोडला. पाण्यात निवांत लोंबकळत भक्ष्य येण्याची वाट पाहणारा प्राणी, असं त्याच्याबद्दल मानलं जाई. फोटोतला प्राणी अंगावर धावून येत होता.

चूषक परातीतही बघा. सोंडेच्या रुंद टोकावर नख फिरवा, वाळूसारखं खरखरतं. प्रत्येक चूषकाच्या आत दातेरी कडी असते, भिंगातून स्पष्ट दिसते. महाकाय स्क्विड खाणाऱ्या स्पर्म व्हेलच्या तोंडाभोवती जे गोल वळ उठलेले असतात ते अशाच कड्यांचे.

आता डोळा. कात्रीने कडेने कापून आतला गोळा बोटांत घ्या. मोतीच, पण नीट दाबला तर दोन भागांत सुटणारा. स्क्विडचं भिंग मुळात दोन तुकड्यांचं असतं. आपल्या माकुळाचा डोळा करवंदाएवढा. ते पापामधल्या त्या ४९५ किलोच्या प्राण्याचा डोळा २७ सेंटीमीटर व्यासाचा होता आणि बाहुली ९ सेंटीमीटरची. तिच्यातून नागपुरी संत्रं कडेला न लागता आत गेलं असतं. (तो महाकाय स्क्विड नव्हे, अंटार्क्टिककडचा कोलोसल स्क्विड. याच्या हातांवर चूषकांबरोबर आकडेही असतात. दोघांची सरमिसळ वर्तमानपत्रं नेहमी करतात.) स्क्विड सोडले तर आजच्या जगात एवढ्याच्या जवळपास जाणारा डोळा कुणाचा नाही. माशांत तलवारमाशाचा मोठा, तो ९ सेंटीमीटरचा.

एवढा डोळा कशासाठी? भक्ष्य शोधायला इतका लागत नाही. २०१२ साली नील्सन, वॉरंट आणि जॉन्सन यांनी गणित मांडलं: एका मर्यादेनंतर डोळा वाढवून काही फायदा नाही, एक गोष्ट सोडून. अंधारात मोठ्ठं काही पोहत आलं की वाटेतले सूक्ष्म जीव डिवचले जाऊन चमकतात. स्पर्म व्हेल येतो तो या फिकट चमकीचं आवरण घेऊन. ते आवरण १२० मीटरवरून ओळखायचं असेल तर हा डोळा लागतो. व्हेल आवाजाने याला त्याच्याही आधी हेरतो, पण पळायला सुरुवात करण्यापुरती खबर मिळते.

आणि याच डोळ्यामुळे आपण इतकी वर्षं रिकाम्या हाताने परत येत होतो. पाणबुड्या पांढरे झगझगीत दिवे लावून, मोटरीची घरघर करत खाली जायच्या. चंद्र नसलेल्या रात्री ताडोब्याच्या पाणवठ्यावर ट्रकचे हेडलाइट लावून वाघाची वाट पाहण्यासारखं ते. सागरी जीवशास्त्रज्ञ एडिथ विडर यांनी दोन्ही टाळलं. लाल रंग पाण्यात सगळ्यात आधी शोषला जातो, खोलवर तो पोचतच नाही, म्हणून तिथल्या बहुतेक प्राण्यांना तो दिसत नाही. १९१० च्या सुमारास काही काळ नागपुरात सरकारी नोकरीला असलेल्या चंद्रशेखर वेंकट रमण यांना १९२१ च्या बोटप्रवासात समुद्राच्या निळाईने झपाटलं होतं. त्या निळाईतला गाळला गेलेला लाल इथे कामी आला. विडर यांच्या ‘मेड्युसा’ कॅमेऱ्याला मोटर नव्हती, दिवा गडद लाल होता. आमिष म्हणून मासा टांगला नाही. ॲटोला नावाची जेलीफिश कुणी तिला खायला लागलं की निळ्या दिव्यांचं चक्र फिरवते, जणू ‘चोर, चोर’ ओरडून चोराहून मोठ्या कुणाला बोलावते. तसंच चक्र एलईडींनी केलं. २०१२ च्या जुलैत जपानजवळ महाकाय स्क्विड पहिल्यांदा त्याच्या घरात व्हिडिओत टिपला गेला, चांदी-सोन्यासारखा झळाळणारा. किनाऱ्यावरच्या मढ्यांची कातडी सोललेली असते म्हणून तो रंग कुणाला माहीतच नव्हता. जून २०१९ मध्ये मेक्सिकोच्या आखातात ७५९ मीटरवर त्याच कॅमेऱ्याने दुसरा पकडला.

शेवटी चोच. आठही हात मागे उलटा, मधला गोळा दोन बोटांत दाबा, बी निसटावी तशी ती बाहेर येते. दोन तुकडे, काळेभोर, पोपटासारखे, पण उलटे: इथे खालचा भाग वरच्याला कवेत घेतो. तिच्यामागून निघणारी अन्ननलिका सुईएवढी बारीक. ती मेंदूच्या मधल्या भोकातून जाते, मेंदू तिच्याभोवती मेदूवड्यासारखा बसलेला. मोठा घास गिळला तर तो मेंदूलाच घासणार, म्हणून चोचीने तुकडे आणि दातेरी जिभेने भुगा. महाकाय स्क्विडलाही यातून सुटका नाही.

चोच पचत नाही. व्हेलच्या पोटात मऊ अंग विरघळतं आणि चोचींचा ढीग उरतो. बहुतेक तो ओकून टाकतो. काही आतड्यात उतरतात आणि त्यांच्याभोवती अंबर साचतं. ‘व्हेल माशाची उलटी जप्त’ अशा ज्या बातम्या आपल्याकडे सारख्या येतात, ती हीच वस्तू. ती उलटी नव्हे, व्हेल हा मासा नव्हे, आणि व्हेलला कायद्याचं संरक्षण असल्यामुळे तिचा व्यापार हा गुन्हा आहे.

चोच धुऊन उन्हात वाळवू नका, वेडीवाकडी होऊन तडकते. स्पिरिटमध्ये, थोडं ग्लिसरीन घालून, झाकणाच्या बाटलीत ठेवा. मोजायची ती खालच्या तुकड्याची, टोकापासून जबड्याच्या कोनापर्यंत, व्हर्नियरने. तुमच्या माकुळाची दोनेक मिलिमीटर भरेल. या एका मापावरून धडाची लांबी आणि वजन काढायची सूत्रं आहेत. ४९५ किलोच्या त्या कोलोसल स्क्विडची भरली ४२.५. व्हेलच्या पोटातून निघालेल्या त्याच जातीच्या चोचींत ४९ मिलिमीटरची एक आहे.

मार्च २०२५ मध्ये साउथ सँडविच बेटांजवळ ६०० मीटरवर कोलोसल स्क्विड पहिल्यांदा जिवंत चित्रित झाला. पिल्लू होतं, काचेसारखं आरपार, ३० सेंटीमीटर लांब. पाकिटातल्या माकुळाशेजारी परातीत मावलं असतं.